आप्तवाक्य आणि मालवेअर : दुकानातल्या संगणकाची राखण



मेडशीत व्याख्यान द्या आणि तेही मालवेअरवर द्या, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा आम्ही आधी सरळ नाही म्हणालो. आम्ही जन्मभर न्यायशास्त्र शिकवलं. संगणकाशी आमचा संबंध टंकलेखनापुरता. पण समोर आडत्ये बसले आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, मेडिकलवाले आहेत, मागच्या रांगेत सेवा केंद्र चालवणारी पोरं दिसतात. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याच्या दुकानात काय झालं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ते कसं झालं, हे मात्र ठाऊक नाही. ते आमच्यामुळे झालं. म्हणून आलो.

आधी शब्द समजून घेऊ. मालवेअर म्हणजे मालकाच्या नकळत, मालकाच्या विरुद्ध काम करणारा प्रोग्राम. व्हायरस हा त्यातला एक प्रकार, सगळ्यात गाजलेला. तो दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून पसरतो. वर्म असतो तो कोणी हात न लावता तारेतून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जातो. ट्रोजन असतो तो दिसतो एक आणि करतो दुसरं. आणि हल्ली व्यापाऱ्याला सगळ्यात जास्त रडवणारा म्हणजे रॅन्समवेअर. तो तुमच्या फायली चोरून नेतोच असं नाही. फायली तुमच्याच संगणकात राहतात, फक्त त्यांना कुलूप लागतं आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाते.

आयबीएमच्या पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्याचं नाव ब्रेन. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता, इतका तो काळ भोळा! पुढे पुण्यातही दोन भाऊ निघाले. सातारा जिल्ह्यातलं कुटुंब. थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करायचे, धाकटे संजय संगणक शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे, म्हणून संजयने त्यावर औषध लिहायला घेतलं. त्यातून क्विक हील उभी राहिली. हे विषयांतर झालं खरं, पण दुरुस्तीच्या दुकानातून हे काम उभं राहिलं, हे इथल्या पोरांनी ऐकावं म्हणून सांगितलं.

आता मूळ मुद्दा. यंत्राला माणूस ओळखता येत नाही. त्याला आज्ञा कळते. आज्ञा योग्य रूपात आली की ते पाळतं. ती मालकाने दिली की चोराने, हा प्रश्न त्याला पडत नाही, जोवर तो प्रश्न विचारायला कोणी शिकवलेलं नसतं. आमच्या शास्त्रात यावर जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते आपल्यापुरतं खरंच असतं. ते खोटं आहे असं कशाने तरी कळेपर्यंत खरं धरायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, असं नाही. ज्ञान खरं आहे की नाही, हे त्या ज्ञानाच्या बाहेरून तपासावं लागतं. हे परतःप्रामाण्य. वर्गात आम्ही हा वाद रंगवून शिकवायचो आणि मुलं जांभया द्यायची. मालवेअर चालतं ते सगळं या एका फटीतून. तुम्ही मीमांसक झालात की ते आत येतं.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. कॉसमॉस बँक, पुण्याची, १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून कॉसमॉसच्या कार्डांच्या नकला वापरून पैसे निघू लागले. सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये परदेशांत निघाले, आणि आपल्या देशात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. कोल्हापूरच्या एटीएममधूनही निघाले. मग १३ तारखेला, सोमवारी, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोप-व्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे कसं झालं ते नीट पाहा. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेच्या स्विचला विचारतं, देऊ का? स्विच मुख्य खातेवहीला विचारतो, या खात्यात पैसे आहेत का? तिकडून हो आलं की स्विच एटीएमला हो म्हणतो. चोरांनी मालवेअर आत घालून एक नकली स्विच उभा केला. एटीएमचा प्रश्न आता खऱ्या खातेवहीपर्यंत पोचतच नव्हता. मधला तोतया परस्पर म्हणत होता, हो, द्या. एटीएम आज्ञाधारक. त्यांनी दिले. ग्राहकांच्या खात्यांतून एक पैसा गेला नाही, कारण खात्यांना कोणी विचारलंच नव्हतं. गेले ते बँकेचे.

कुठली तिजोरी फोडली नाही, कुठल्या रखवालदाराला बांधून घातलं नाही. हो म्हणणाऱ्याच्या जागी दुसरा हो म्हणणारा बसवला, एवढंच. गावाकडे जमिनीच्या व्यवहारात तोतया उभा करून सही मारतात, तीच जात. तिथे निदान दुय्यम निबंधकासमोर दोन साक्षीदार ओळख पटवायला लागतात. इथे नकली स्विचला साक्षीदार कोणी मागितला नाही.

पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. पण ते इथे कार्डांनी एटीएममधून पैसे काढण्याच्या कामातले. ज्यांनी तोतया घडवला ते हाताला लागले नाहीत. पैसे काढायला उभा राहतो तो सापडतो, हे आपल्या पोरांनी विशेष ध्यानात घ्यावं. 'खातं आणि एटीएम कार्ड भाड्याने दे, महिन्याला पाच हजार देतो' म्हणणारे लोक खेड्यापाड्यांत फिरतात.

कोणी म्हणेल, ही बँकेची गोष्ट झाली, आमच्या दुकानात कोण येतो? तर ऐका. २७ जून २०१७ ला न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्कची. मर्स्कचे जगभरचे संगणक त्या दिवशी बंद पडले होते, म्हणून न्हावाशेवाही बंद. कंटेनर कुठला, कोणाचा, कुठे जायचा, हे कागदावर लिहून काम चालवायची पाळी आली. न्हावाशेवातून कापूस जातो, सोयाबीनची ढेप जाते. आपल्या मालाचा आणि त्या बंदराचा संबंध मी तुम्हाला सांगायला नको.

त्या मालवेअरला नॉटपेट्या म्हणतात. ते शिरलं कुठून? युक्रेनमध्ये कराचे हिशेब भरायला एक सॉफ्टवेअर वापरत, आपल्याकडे दुकानदार वापरतात तसंच. त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये चोर घुसले आणि त्यांनी नेहमीच्या अपडेटमध्ये विष कालवलं. ज्यांनी ते हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरलं, त्यांच्याकडे ते आपोआप आलं. मर्स्कच्या ओडेसाच्या कार्यालयात एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होतं, असं पुढे प्रसिद्ध झालं. एका संगणकावर! तिथून ते जगभर पसरलं. वर ते खंडणी मागत होतं, पण खंडणी दिली तरी किल्ली मिळणार नव्हती. ते मुळात नासधूस करायलाच बनवलेलं होतं. मर्स्कने नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात.

पण या गोष्टीतला आमचा आवडता भाग पुढेच आहे. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठवर जाऊ द्यायचं, याची यादी ठेवणारे मर्स्कचे जवळजवळ दीडशे सर्व्हर जगभर होते. प्रत्येकावर बाकीच्यांची नक्कल. एक गेला तर दुसरा आहेच, अशी योजना. मालवेअरने सगळे एकाच वेळी पुसले, कारण सगळे एकमेकांना जोडलेले. उरला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का उरला? हल्ल्याआधी तिथली लाईन गेली होती! तो बंद होता म्हणून वाचला. मग ती यादी लंडनजवळच्या कार्यालयात आणायची, तर घानाचं इंटरनेट फार धीमं. तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी तो हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती विमानाने नेली. भारनियमनाला आपण इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण एवढ्या मोठ्या कंपनीला घानातल्या लोडशेडिंगने तारलं.

यातून एकच गोष्ट उचला. जोडलेली नक्कल ही नक्कल नाही. तारेने लागलेली हार्ड डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. काढून ठेवलेली वाचते.

आता आमच्या घरची गोष्ट.

पुतण्याचं कृषी सेवा केंद्र इथून फार लांब नाही. २०१९ चा मे महिना, पेरणी तोंडावर. आमची जुनी टिपणं एका जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली होती, ती छापायची तर पुस्तकाची पानं लावायचं एक महागडं सॉफ्टवेअर लागत होतं. पुतण्या म्हणाला, मोठे बाबा, त्याचे पैसे लागतात. आम्ही म्हणालो, फुकट मिळत असेल की कुठे. त्याने शोधलं. मिळालं. सोबत सूचना होती, हे बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करा. तो थांबला. आमच्याकडे पाहिलं. आणि आम्ही, तीस-बत्तीस वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलेला माणूस, म्हणालो, अरे कर बंद, त्याशिवाय चालत नसेल ते.

पंधरा-वीस मिनिटांत फायलींची नावं बदलू लागली. हिशेबाची फाईल, उधारीची फाईल, जीएसटीची बिलं, त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९० ला सोडू. म्हणजे त्या वेळचे सुमारे ३४ हजार रुपये. पुतण्या एवढंच म्हणाला, "मोठे बाबा, साऱ्याले कुलूप लागलं."

न्यायदर्शन शब्दाला चौथं प्रमाण मानतं, पण कोणाच्याही शब्दाला नाही. आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतो की तो कोणत्याही समाजाचा असू शकतो, जातीकुळीशी संबंध नाही. दोन्ही अटी मात्र पाहिजेत. ते फुकटचं सॉफ्टवेअर देणारा माहीतगार नक्कीच होता. पण पहारेकऱ्याला झोपवून या म्हणणाऱ्याची इच्छा काय असेल, हा प्रश्न आम्हाला त्या दुपारी पडला नाही. हा फरक आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिला असेल!

खंडणी दिली नाही. देऊन किल्ली मिळेलच याची खात्री नव्हती आणि पैसेही नव्हते. खताची विक्री पॉस मशिनवर आधार लावून होते, म्हणून कोणी किती पोती नेली हे सरकारी सर्व्हरवर होतं, तेवढं हाताशी आलं. पण कोणाचे किती पैसे बाकी, हे त्या मशिनला ठाऊक नसतं. बियाणं, औषधं, फवारणीचे पंप, नऊ लाखांच्या आसपास उधारी. पुतण्या घरोघर फिरला. काही कास्तकार आपण होऊन आले, "माह्यावर चार हजार बाकी हायेत, लिहून घे" म्हणाले. काहींना आठवलं नाही. काहींना आठवायचं नव्हतं. साडेपाच लाख आले, तेही दोन हंगामांत. आणि ज्यांनी खरोखर दिले होते अशा दोघांकडे त्याने चुकून पुन्हा मागितले. त्यातल्या एकाने आजतागायत त्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. पैशापेक्षा ते त्याला लागलं.

याहून मोठी चूक पुढे झाली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. टाकलं. दुकान चालू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीने याच जातीच्या रॅन्समवेअरच्या १४८ प्रकारांवर मोफत किल्ली काढली. एखाद्या फाईलची कुलूप लागलेली प्रत आणि मूळ प्रत, अशा जोड्या दिल्या तर बाकीच्या उघडायची बरीच शक्यता होती. मूळ प्रती ईमेलमध्ये पडून होत्या. कुलूप लागलेल्या मात्र आम्ही पाच महिन्यांपूर्वीच पुसल्या होत्या. म्हणून कळवळून सांगतो, कुलूप लागलं तरी ती हार्ड डिस्क पुसू नका. काढा, चिठ्ठी लावा, कपाटात ठेवा, नवी घ्या. 'नो मोअर रॅन्सम' नावाचं संकेतस्थळ आहे, २०१६ पासून युरोपातले पोलीस आणि अँटिव्हायरस कंपन्या मिळून चालवतात. तिथे किल्ल्या फुकट मिळतात. आज नसेल तर वर्षाने असू शकेल.

मागून कोणी तरी विचारतं आहे, अँटिव्हायरस विकत घेतला की झालं ना? नाही झालं. आमच्याकडे विकतचाच होता. आम्हीच बंद केला. घ्या जरूर, पण तो रखवालदार आहे, मालक तुम्ही.

दुसरा प्रश्न अपडेटचा. नॉटपेट्यात अपडेटमधूनच विष आलं, मग अपडेट करायचं की नाही? प्रश्न चोख आहे. उत्तर, करायचं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा वर्म दीडशे देशांत पसरला, तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली ते वाचले. अपडेटमध्ये विष ही अपवादाची गोष्ट, अपडेट नसणं हे रोजचं भोक. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. ज्यांच्या दुकानात अजून तेच आहे, त्यांनी तो संगणक निदान बँकेच्या कामाला वापरू नये.

आणि मोबाईल. तुमचं निम्मं दुकान आता मोबाईलवर आहे. शेजारच्या हिंगोलीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. दिसायला पत्रिका, असायला एपीके, म्हणजे मोबाईलवर बसणारं अॅप. उघडली आणि खात्यातून जवळजवळ १ लाख ९० हजार गेले. असं अॅप ओटीपीचे संदेश परस्पर वाचतं. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते. पत्रिकेला 'इन्स्टॉल' करावं लागत नाही. चलन, वीजबिल, किसान योजनेची यादी, सगळ्यांना हेच लागू.

ज्याच्याकडून माल घेता त्याचा मेसेज आला की आमचं खातं बदललं, नव्या खात्यात पैसे टाका, तर पैसे टाकू नका. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरावर फोनही करू नका. तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरावर करा. आम्ही परतःप्रामाण्य म्हणतो ते हेच, बातमी ज्या वाटेने आली ती वाट सोडून दुसऱ्या वाटेने पडताळणं. त्याला पाच मिनिटं लागतात. सीएला किंवा हिशेबनीसाला दुरून काम करता यावं म्हणून संगणकात जे दार उघडून देता, ते काम झालं की बंद करा. ते रात्रभर उघडं असतं आणि पासवर्ड दुकानाच्या नावाचा असतो, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे. रोजच्या बिलाचं काम साध्या खात्यातून करा, प्रोग्राम बसवायचा अधिकार असलेलं खातं वेगळं ठेवा. पोराने गेम टाकायचा म्हटलं तरी मग सहजी टाकता येत नाही.

पैसे गेलेच तर लाजू नका. १९३० ला ताबडतोब फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसा वाटेत अडवता येतो, नंतर कठीण. आम्ही आमची गोष्ट दोन वर्षं लपवली. त्या दोन वर्षांत ओळखीतल्या आणखी एका दुकानाला असंच कुलूप लागलं, तसंच फुकटचं काही तरी बसवताना.

नकलेबद्दल एवढंच सांगून थांबतो. पुतण्याकडे आता तीन प्रती असतात. एक संगणकात, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. दर शनिवारी दुकान बंद करताना तो एक डिस्क आमच्याकडे आणून देतो आणि आधीची घेऊन जातो. ती आमच्या पुस्तकांच्या कपाटात, न्यायमंजरीच्या मागे असते. दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही त्याला ती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला लावतो, कारण न उघडणारी नक्कल ठेवून काय करायची? गेल्या वेळी एक फाईल उघडली नाही. डिस्कच खराब निघाली, नवी आणली. या शनिवारी तो आलेला नाही, लग्नसराई आहे. इथून निघालो की पातूरचा घाट लागून रेंज जायच्या आत त्याला फोन करायचा आहे.